काठोकाठ प्याला

बालझान लग्नानंतर गरम चहा प्यालीच नाही, असं म्हटलं तर तिच्या माहेरच्यांना राग येईल, पण गोष्ट खरी आहे. त्यांच्याकडे समोवरपाशी, म्हणजे पाणी उकळायच्या तोटीच्या भांड्यापाशी, सून बसते. आधी दूध, मग दाट कोरा चहा, मग उकळतं पाणी, आणि प्याला अर्ध्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. थोडा दिला की पाहुणा पुन्हा मागतो, त्यातच त्याचा मान. काठोकाठ भरून दिला तर अर्थ एकच, उठा आता. सगळ्यांचं होईपर्यंत सुनेच्या प्याल्यावर साय धरलेली असते. ती बोटाने बाजूला सारून बालझान गार चहा एका घोटात संपवायची आणि भांडी विसळायला उठायची.

पण ओतावा तर तिनेच. सासू कुल्याशआपा गावभर मिरवायची, "आमच्या सुनेला सांगावं लागत नाही हो. कुणाला दूध जास्त, कुणाला कडक, सगळं डोक्यात." तोंडावर मात्र कधी चांगला शब्द नाही. तोंडावर कौतुक केलं की सून डोक्यावर बसते, असं आपाचं ठाम मत. त्यातून बालझानला मूल झालं नव्हतं. त्यामुळे त्या घरात तिची जागा म्हणजे समोवरमागची ती चटईएवढी जागा, बाकी काही नाही.

दिवसा ती तालुक्याच्या इस्पितळात नर्स होती, ड्रेसिंगच्या खोलीत. सासऱ्यांचं, तोलेगेन म्हाताऱ्याचं, हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा आपा म्हणाली, "घरात नर्स असताना परक्या बाईचा हात कशाला? ड्रेसिंग तूच कर." तिनेच केलं. हात धुऊन, हातमोजे घालून, रोज. जखम आधी लाल झाली, मग फुगली. एक औषध झालं, दुसरं झालं, तिसरं शिरेतून दिलं, पण जंतू कशालाच दाद देईनात. म्हातारा तापातसुद्धा म्हणायचा, "चहा टाक गं पोरी." ती चमच्याने पाजायची. मग एके दिवशी चमचाही घशाखाली उतरेना, आणि संध्याकाळी तो गेला.

त्यानंतर इस्पितळाने सगळ्या नर्सांच्या नाकात कापसाची काडी फिरवली. बालझानच्या नाकात तोच जंतू निघाला.

"रडू नकोस," डॉक्टर मरझिया म्हणाल्या. "तुला काही झालेलं नाही. कितीतरी लोक तो नाकात घेऊन धडधाकट हिंडतात. मलम लाव, बहुतेक जाईल. आता म्हाताऱ्याला तो तुझ्याकडून गेला, की इथल्या खाटेवरून, की त्याच्याच नाकात होता, ते मला नाही सांगता येणार." मग तिला जरा हलकं वाटावं म्हणून त्या पुढे म्हणाल्या, "कुठेशी लोकांना तपासलं होतं म्हणे. गरम चहा-कॉफी पिणाऱ्यांच्या नाकात हा कमी सापडला. का, ते कुणालाच धड माहीत नाही. तू पितेस ना गं चहा?"

"ओतते," बालझान म्हणाली.

दुसरी एखादी असती तर घरी गप्प बसली असती. बालझानला वाटलं, घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी. म्हणून तिने सांगितलं, आणि आपा घाबरेल या धास्तीने चहाचंही सांगून टाकलं. तिथेच ती चुकली.

"म्हणजे चहा पिणारे आम्ही सगळे स्वच्छ," आपा म्हणाली, "आणि घाण तेवढी तुझ्यात."

"तसं नाही हो आपा, ते नक्की कुणालाच..."

"मग कसं? त्याच्या पोटावर हात कुणाचे होते? माझे? आणि तू का पीत नाहीस गं चहा? या घरात काय चहाला तोटा होता?"

हे ऐकून कुणीही समोवर उचलून आपटला असता. बालझानने नवऱ्याकडे पाहिलं. येरसाइन जेवायला अंथरलेल्या चादरीवरचे पावाचे कण गोळा करत होता.

दुसऱ्या दिवसापासून समोवर जावेकडे, रिस्तीकडे गेला. बालझानने मलम लावलं. पुन्हा काडी फिरवली तेव्हा नाक स्वच्छ निघालं. ती धावत घरी आली, तर आपा म्हणाली, "मग? म्हातारा येणार आहे का परत?" तरी बालझानची आशा सुटत नव्हती. म्हातारा जाऊन चाळीस दिवस होतील त्या चाळिसाव्याला सगळं गणगोत जमणार होतं. त्या दिवशी आपाने आपल्याला समोवरपाशी बसवलं तर घर आपलं, नाही तर नाही, एवढं तिला पक्कं कळत होतं.

चाळिसाव्याला समोवरपाशी रिस्ती बसली. बालझान अंगणात कढया घासत होती. तेवढ्यात आतून हाक आली, "बालझान, इकडे ये." हात पुसत ती आत गेली. आपाने सगळ्यांसमोर तिला आपल्या शेजारी बसवलं, रिस्तीला सरकवलं आणि स्वतः प्याला हातात घेतला. बालझानचं काळीज सुपाएवढं झालं. इतक्या वर्षांत आपाने तिच्यासाठी कधी चहा ओतला नव्हता.

आपाने दूध घातलं, चहा घातला, तोटी उघडली. प्याला अर्धा झाला. आपाने तोटी बंद केली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चहा काठाला टेकेपर्यंत ती थांबली नाही.

बालझानने प्याला दोन्ही हातांनी घेतला. थेंबही सांडू न देता ती तो चटके सोसत शेवटपर्यंत प्याली.

"छान झालाय, आपा," ती म्हणाली आणि उठली.

दाराशी येरसाइन तिचा कोट घेऊन उभा होता. त्याचा स्वतःचा कोट खुंटीवरच होता.