वंशावळीतलं आडनाव

सीईटीचा निकाल लागला आणि पोरगी इंजिनिअरिंगला नागपूरला जाणार, असं आमच्या घरात सगळे धरून चालले. कॉलेज कोणतं मिळेल ते ठरायचं होतं. मी मात्र दुसऱ्याच दिवशी गादी शिवायला टाकली. होस्टेलची खाट अडीच फुटांची असते, असं मला कोणी सांगितलं होतं ते आता आठवत नाही. मी बल्लारपूरच्या बाजारात गादीवाल्यासमोर तासभर बसलो आणि कापूस पुरेसा भरतो की नाही ते पाहत राहिलो.

नंतर बादली आली, कुलूप आलं, चिवड्यासाठी घट्ट झाकणाचे दोन डबे आले. मी कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, म्हणून एक्स्टेंशन बोर्ड विकत न घेता स्वतः बनवला आणि वायर दारापासून खिडकीपर्यंत पुरेल एवढी लांब ठेवली. पोरगी आठवीत असताना पोस्टात सुरू केलेली आरडी होती, त्यात वर्षाच्या मेसची आणि खोलीची सोय होत होती. तिच्या नावानं बँकेत खातं काढलं. एटीएमवर नेऊन तिच्याकडून दोनदा शंभर-शंभर रुपये काढवून घेतले. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "पप्पा, मी फिजिक्समध्ये शहाण्णव पर्सेंटाइल आणले आहेत."

बायको म्हणाली, "तुमची तयारी पाहून वाटते, होस्टेलले तुम्हीच चालले."

त्यांना वाटत होतं की बाप मायेनं हे सगळं करतो आहे. माया होतीच. पण खरं सांगायचं तर एक काम मी दोन वर्षं केलं नव्हतं, आणि ते झाकायला बाकीची कामं करत होतो.

ते काम म्हणजे जात पडताळणी. आमचं घर बौद्ध. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याच्यावरच फी माफ होते. ते ठरलेल्या तारखेपर्यंत दिलं नाही, तर जागाच जाते. ती अकरावीत असतानाच कॉलेजनं अर्ज भरायला सांगितलं होतं. ती मला कागदांची यादी देऊन गेली, आणि महिन्याभरानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "दिली फाईल."

दिली नव्हती. त्या फाईलला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. पणजोबा, आजोबा, बाप, लेक, एकाखाली एक. त्यात माझ्या वडिलांचं आडनाव एक आणि माझं दुसरं.

चामोर्शीकडच्या गावातून मी नोकरीसाठी बल्लारपूरला आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. खोली शोधत होतो. एका घरमालकानं चहा पाजला, चावी हातात ठेवली, मग आडनाव विचारलं, आणि पुतण्या येणार आहे म्हणून चावी परत घेतली. दुसऱ्या ठिकाणी मी मित्राचं आडनाव सांगितलं आणि खोली मिळाली. ते नवं आडनाव असं होतं की त्यावरून कोणाला काही कळत नसे. मला ते इतकं सोयीचं वाटलं, की सहा महिन्यांत मी ते राजपत्रात छापून आणलं. वडिलांना कळवलं ते नंतर, तेही पोस्टकार्डानं.

लेक मोठी झाली तेव्हा तिनं विचारलं, आबाजीचं आडनाव वेगळं का. मी सांगितलं, शाळेत मास्तरांनी चुकीचं लिहिलं, तेच पुढे चालत आलं. माझ्या वडिलांनी शेजारी बसून मान हलवली. पुढे गावात कोणी हा विषय काढला, की तेच आधी म्हणायचे, "मास्तरची चूक झाली, बाप्पा." आयुष्यभर आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांवर हातोड्यानं नंबर ठोकणारा हा माणूस. माझ्यासाठी तो खोटं बोलत राहिला आणि मी बोलू दिलं.

प्रवेशाचा फॉर्म भरताना लेकीनं आतल्या खोलीतून आवाज दिला, "पप्पा, पडताळणीची पावती कुठी आहे?"

मी कपाट उघडलं. जी वस्तू तिथं नाही हे मला माहीत होतं, ती अर्धा तास शोधली. शेवटी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगितलं, "नाई दिली फाईल. राहून गेली."

"दोन वर्षं?"

"कागद कमी होते."

ती फोन घेऊन बाहेर गेली आणि तिनं आबाजीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझे वडील एसटीतून उतरले. पिशवीत जुन्या कोतवालबुकाची नक्कल होती. गावातले जन्म-मृत्यू कोतवाल ज्या वहीत लिहायचा, तिच्यात त्यांच्या जन्माची नोंद आहे आणि पुढे जातही लिहिलेली आहे. पडताळणीत हाच कागद सगळ्यात मोलाचा.

"कधी काढली?" मी विचारलं.

"पोरगी दहावीत होती तवाच. मले वाटलं, तू मागशीन."

आम्ही तिघं चंद्रपूरला गेलो. समितीच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली एक म्हातारे टायपिस्ट बसतात. पूर्वी त्यांच्यापुढे टाइपरायटर असायचा, आता लॅपटॉप आहे. गोल टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी कागद लावून घेतले आणि थांबले.

"आजोबाचं हे, तुमचं हे. आडनाव बदललं?"

"हो. राजपत्र आहे."

"वजह? लिहा लागते."

मी तोंड उघडायच्या आत माझे वडील म्हणाले, "मास्तरची चूक झाली होती, भाऊ."

टायपिस्टनं चष्म्यावरून पाहिलं. "चाचा, मास्तरची चूक शाळेत दुरुस्त होते. तिच्यासाठी राजपत्र छापत नाई कोणी. शपथेवर लिहून राह्यलो मी. बच्चीचा मामला आहे."

लेक माझ्या शेजारीच उभी होती, फाईल छातीशी धरून. मी म्हणालो, "मले खोली भेटत नव्हती." घरमालकाचं सगळं सांगितलं. ते ऐकून टायपिस्टची बोटं चालू लागली होती. मी तिथंच थांबू शकलो असतो. पण ते पुरतं खरं नव्हतं. "खोली भेटल्यावरही बदललं," मी म्हणालो. "मले लाज वाटत होती."

टायपिस्टनं बोटं उचलली. मग म्हणाले, "येवढं नाई लिहत मी. 'सामाजिक कारणास्तव' लिहतो. कायद्यात बसते."

प्रिंट निघेपर्यंत आम्ही बाकड्यावर बसलो. वडिलांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, नातीला दिली, मग मला दिली.

"माही लाज वाटे का तुले?" त्यांनी विचारलं.

"वाटे."

"आता?"

"नाई."

"मंग झालं. चाल, सही कर. मले भूक लागली."

मला ते शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. लेकीनं तेवढी सोय केली. बसस्टँडवर भजी खाताना ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "गादी आणली, कुलूप आणलं, बोर्ड बनवला. हे एक काम केलं असतं, तर मी चटईवर झोपली असती."

"हो."

"आणि मास्तरले इतकी वर्षं बदनाम केलं. कोण होता तो, आबाजी?"

"गरीब होता बिचारा," माझे वडील म्हणाले. "त्याचं अक्षर लय चांगलं होतं."

ती हसली नाही. पण तिच्या प्लेटमधली शेवटची मिरची तिनं माझ्या प्लेटमध्ये टाकली.

फाईल दिल्याच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळाला. नागपूरचं सरकारी कॉलेज, शाखा इलेक्ट्रिकल. समितीनं एक त्रुटी काढली, ती आम्ही भरून दिली. पुढचे आठवडे मी रोज जेवणाच्या सुट्टीत फोनवर समितीचा निर्णय पाहत असे. प्रमाणपत्र आलं तेव्हा मुदतीचे चार दिवस उरले होते. त्यात तिच्या नावाखाली माझं नाव होतं आणि माझ्या नावापुढे पूर्वीचं आडनाव, वडिलांचं, ठळक अक्षरांत. लेकीचा होस्टेलवरून मेसेज आला, "पाच रंगीत प्रिंट काढून पाठवा. आज."

कॉलनीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. माझ्या पुढे माझ्याच खात्यातला फिटर उभा होता. अठरा वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं आहे, आणि अठरा वर्षं त्याला माझ्या वडिलांचं आडनाव माहीत नव्हतं. प्रिंट एकेक करून बाहेर येत होत्या आणि दुकानदार त्या काउंटरवर उताण्या ठेवत होता. माझा हात त्या पालथ्या करायला पुढे गेला. मी तो परत घेतला आणि खिशात घातला.

फिटरनं सगळ्यात वरचा कागद उचलला. सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचला.

"पोरीचा आहे?"

"हो. हे माझं पहिलं आडनाव. वडिलांचं."

"हं," तो म्हणाला. कागद परत ढिगावर ठेवून त्यानं कडा सरळ केल्या. "ब्रँच कोणती भेटली?"

"इलेक्ट्रिकल."

"म्हणजे बापावर गेली," तो म्हणाला आणि आपल्या आधारकार्डाची प्रत घ्यायला पुढे सरकला.