सातवाहनांची हसरी फौज

मंडळी, आज सकाळी पूजा आटोपली आणि मी बोटभर उंचीचे मातीचे शिपाई टेबलावर मांडले. माझे सातवाहन, समोर निसारभाईंचे क्षत्रप. पट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि लढायचं, असा आमचा सोनाळ्यातला दर रविवारचा खेळ. निसारभाई शिंपी उद्या मुलाकडे खामगावला राहायला जाणार, म्हणून आजचा डाव शेवटचा वाटत होता.

"तुह्ये शिपाई लढाले येतात का लग्नाले बे?" ते नेहमीसारखे म्हणाले. "सारे हासूनच राह्यले."

"काहीतरीच, निसारभाई."

"मंग इकडे येऊन पाह्य ना!"

या खेळात आपल्याला आपल्या फौजेची पाठच दिसते. इतक्या वर्षांत मी पलीकडे कधी बसलोच नव्हतो. आज बसलो. खिडकीतून कोवळं ऊन आलं होतं. हत्ती, भालेवाले, तिरंदाज, सगळे माझ्याकडे येत होते आणि खरंच हसत होते. रंगवताना माझ्या हातून हे कधी झालं? वाटलं, दोन हजार वर्षांच्या धुळीतून कुणी भेटायला येतंय. नकळत हात जोडले गेले.

तुम्ही कधी आपली बाजू समोरून पाहिली आहे का?

महिनाभर मनात घोळत होतं, ते मग केलंच. माझी फौज कापसात गुंडाळून निसारभाईंच्या पेटीत ठेवली आणि त्यांची मागून घेतली.

"आता खेळाले मले यावंच लागन ना बे!"

"म्हणूनच तं."

क्षत्रप आता देवघराशेजारच्या फळीवर उभे आहेत, तोंडं माझ्याकडे करून.