एक कान मागाला

"एक कान कन्नडला, एक मागाला," म्हणत आक्का इयरफोनचं एकच टोक कानात खुपसायची. दुसरा कान मोकळा. धागा तुटला की यंत्रमागाचा आवाज बदलतो, तो ऐकावाच लागतो.

सीमाभागातल्या शहापुरात, एका शेडमध्ये आम्ही शेजारी-शेजारी माग चालवायचो. तिचा नवरा सरकारी खात्यात शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागी तिला नोकरी मिळणार होती, पण कन्नडची तोंडी परीक्षा पास झाली तरच. संधी एकदाच. पदरात दोन पोरी आणि म्हातारी सासू.

मोबाइलवर धडे मीच टाकून दिले. पण ते मोठ्याने म्हणायचे कुठे? सासूचा दंडक, "माझ्या घरात मराठीच बोलायचं." बसमध्ये माणसं वळून बघतात, तिथं हिला लाज. राहिली शेड. त्या खडखडाटात कुणाला काही ऐकू जायचं नाही, म्हणून आक्का बिनधास्त घसा ताणायची, "नन्न हेसरु..." माझं नाव...

"जमतंय का गं आक्का?"

"तोंडपाठ हाय. इचार कायबी!"

मी खूश. गाढवच मी!

परीक्षेला सोबत गेलो आणि अर्ध्या उघड्या दाराशी उभा राहिलो. आत चिडीचूप. मॅडमनी कन्नडमध्ये गाव विचारलं. आक्का गप्प. काम विचारलं. गप्प. शांत खोलीत हिने कन्नडचं एकही वाक्य कधी उच्चारलं नव्हतं, हे तुमच्या-माझ्यासारख्या शहाण्यांना आधी सुचतं थोडंच? मॅडमनी शेरा मारायला पेन उचललं.

"मॅडम," आक्का कशीबशी पुटपुटली, "फॅन हाक्री."

मॅडमनी बटण दाबलं. डोक्यावरचा जुनाट पंखा खडखडायला लागला आणि आक्का सुटली. गाव, काम, सासू, पोरी, सगळं कन्नडमध्ये आणि सगळं शेडमधल्या पट्टीत! पलीकडच्या खोलीतले कारकून धावत आले. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "साकु, साकु!" पुरे, पुरे. मला रडू आलं, कशाला लपवू?

नोकरी लागली, पण लांबच्या एका खेड्यात. सासू घर सोडायला तयार होईना आणि पोरींची शाळा इथली. आक्का एकटीच गेली.

महिनाभराने तिचा फोन आला तेव्हा मी तिच्या सासूच्याच दारात होतो. "समदं कळतंय रं हितलं," ती म्हणाली, "पर मराठीत भांडायला कुणी न्हाय."

मी ते सासूला सांगितलं आणि फोन तिच्या हातात दिला. म्हातारीने सुनेला एक सणसणीत शिवी हासडली, आणि मग दोघी रडत राहिल्या.