शकूला मी तेल सांगितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मालतीला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा नाही — आणि तिला माझं बाकीचं सगळं ठाऊक आहे. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण मधेच भलतीकडे गेलो तर रागावू नका. भलतीकडे जाणं हा माझा जुनाच आजार. किंबहुना सगळी गोष्ट त्या आजाराचीच आहे.

लोणावळ्याला आमचं चिक्कीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे भट्टी. वडील गेल्यावर थोरला भाऊ अण्णा गल्ल्यावर बसायचा आणि भट्टी माझ्याकडे होती. आता चिक्कीत अवघड काय असतं, सांगा बरं? गूळ वितळवायचा, पाक करायचा, दाणे टाकायचे, पाटावर लाटायचं. अवघड एकच — पाकावरची नजर काढायची नाही. थेंब गार पाण्यात टाकून बघायचा, टणक झाला की कढई उतरवायची. क्षणभर आधी उतरवली तर चिक्की दाताला चिकटते, क्षणभर उशीर झाला तर कडू होते. म्हणजे ज्या माणसाची नजर कुठेच ठरत नाही, त्याला आमच्या घराण्यानं नेमकं या कामाला लावलं होतं.

घाट उतरण्याआधी स्टेशनात गाडी थांबली की मला राहवायचं नाही. इंजिन कुठलं आलंय, एवढंच बघून येतो म्हणून जायचो — आणि परत यायचो तेव्हा गल्लीभर जळक्या गुळाचा वास. एकदा खंडाळ्याच्या एका बंगल्यावर चिक्कीचे डबे पोचवायला निघालो. वाटेत एक ओळखीचा भेटला, गप्पा मारत मारत संध्याकाळी डब्यांसकट घरी परत आलो. अण्णानं विचारलं, घेतले नाहीत का त्यांनी? तेव्हा मला आठवलं की आपण तिथे गेलोच नाही. लग्नातसुद्धा अंतरपाट दूर झाला तेव्हा मी बँडवाल्याच्या कर्ण्यातलं आपलं प्रतिबिंब बघत होतो. मालती हार घेऊन ताटकळत उभी. ती हे अजून येईल त्याला सांगते.

हसू येतं ना? मलाही येतं. पण अण्णाला येत नव्हतं, कारण जळलेल्या कढया त्यालाच घासून घ्याव्या लागायच्या. लोक म्हणायचे, वसंता आळशी आहे. मी आळशी नव्हतो हो. मी दिवसभर धावत असायचो — फक्त जिथे धावायला हवं तिथे सोडून.

शेवटी अण्णा मला पुण्याला घेऊन गेला. तिथे विलायतेहून शिकून आलेले एक डॉक्टर होते. त्यांनी माझ्याशी बराच वेळ गप्पा मारल्या. मी बोलता बोलता खिडकीतून दोनदा डोकावून आलो, हेही त्यांनी पाहिलं. म्हणाले, काही माणसांचं मन जन्मतः असं अस्थिर असतं, तो काही दुर्गुण नाही. या गोळ्या घेऊन बघा, सोसल्या तर ठेवू.

घरी आईनं त्या गोळ्या पाहिल्या आणि रान उठवलं. वेड्यांच्या इस्पितळातली औषधं तिच्या मुलाला? तिचा भरवसा तळेगावच्या वैद्यांच्या ब्राह्मीच्या तेलावर. अण्णा म्हणाला, तेलानं काही होत नसतं. आई म्हणाली, गोळीनं माणूस खुळा होतो. मालतीला कुणी विचारलं नाही, तरी तिनं सांगितलं की मुळात यांना झालंय काय, पाकापाशी दुसऱ्या कुणाला तरी बसवा. तिघांची तीन मतं आणि मधे मी. खरं सांगू का — मी निम्मं ऐकलंच नाही. खिडकीत एक सुतारपक्षी बसला होता.

तोड अण्णानं काढली. गोळ्या दुकानात वेलदोड्याच्या डब्यात ठेवल्या. सकाळच्या चहाबरोबर मी एक घ्यायची. घरी आई डोक्यावर तेल थापेल ते निमूट थापून घ्यायचं. मालतीला आम्ही सांगितलं, आईला नाही.

आणि गोळी लागू पडली. कसं सांगू तुम्हाला? अण्णा मला काहीतरी सांगत होता, आणि पहिल्यांदा मला त्याचं वाक्य शेवटपर्यंत ऐकू आलं. मला वाटलं, हा आज किती छान बोलतोय! भट्टीपाशी बसलो, गाडीची शिट्टी झाली, आणि मी बसूनच राहिलो. पाकाचा रंग बदलताना मी त्या दिवशी नीट पाहिला.

सगळं गोडच होतं असं नाही. तोंड कोरडं पडायचं, दुपारचं जेवण नको वाटायचं, संध्याकाळी उगीच चिडचिड व्हायची. मालती एकदा म्हणाली, "तुम्ही हल्ली घरात पाहुण्यासारखे बसता." मग रविवारी मी गोळी घ्यायची नाही, असं आमचं ठरलं. रविवार तिचा — मग काय, भाजी करपायची, पण घरात हशा असायचा.

आईला वाटलं, तेलाचाच गुण. तिचा आनंद काय वर्णावा. येणाऱ्याजाणाऱ्याला माझं चकचकीत डोकं दाखवायची. अण्णा मला डोळा मारायचा. तिला तेलाचं समाधान, आपल्याला पाकाचं, असं तो म्हणायचा. इथवर ठीक होतं. म्हातारीला फसवलं, पण सुखात ठेवलं. हे एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

शकू माझी मावसबहीण, टाकव्याची. शाळेत हुशार, तोंडी विचाराल ते धडाधड सांगणारी — आणि मॅट्रिकला दोन वेळा नापास. पेपर अर्धा सोडून ती खिडकीतल्या माकडांत रमायची. तिला शिक्षिका व्हायचं होतं. मॅट्रिक झाल्याशिवाय ट्रेनिंगला घेत नसत. मावशी तिला झोडून थकली होती. शेवटी म्हणाली, लोणावळ्याला जाऊन राहा, वसूचं डोकं कशानं जाग्यावर आलं ते बघ.

ती आली. तो रविवार होता, त्यामुळे एका घरात आम्ही दोघं तसली. दूध उतू गेलं, नळ चालू राहिला, आणि आईनं शोधायला सांगितलेला चष्मा शोधता शोधता आम्ही दोघांनी माळ्यावरचा तुटका बाजा दुरुस्त करायला घेतला. मला इतकी मजा कधी आली नव्हती. शकू हातवारे करत अर्धं वाक्य बोलायची, आणि उरलेलं मला आपोआप कळायचं. आपल्यासारखं दुसरं कुणी जगात आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

अण्णानं तिला दोन दिवस पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, हिला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवूया, मी नेतो. पण आधी तू तिच्याशी बोल, तुझं ती ऐकेल.

आता ते येतंय. मी जरा थांबतो हं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भट्टीवर आली. आई घरी होती, अण्णा बाहेर गल्ल्यावर. आमच्या दोघांखेरीज तिथे कुणी नव्हतं. तिनं मला पाक उतरवताना पाहिलं. स्टेशनात गाडी शिट्टी वाजवून गेली, मी हललो नाही, हेही पाहिलं. आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं तोवर माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

"दादा, आण्णा कायतरी गोळीचं म्हनत हुते," ती म्हणाली. "मावशी म्हनती त्येल. तू खरं सांग. तुला कशानं गुण आला?"

मी म्हणालो, "तेलानं."

वेलदोड्याचा डबा माझ्या हाताशी होता. हात लांब केला असता तरी पुरे होतं.

"आन गोळी?"

"गोळी मी घेतलीच नाही. वेड्यांची असते ती. मी मनावर घेतलं, म्हणून झालं. तेल लाव आणि मनावर घे."

असं मी म्हणालो. ज्या डॉक्टरांनी मला दुर्गुण नाही म्हणून सांगितलं होतं, त्यांची गोळी पोटात असताना मी तिला 'मनावर घे' म्हणालो. जन्मभर मला जे ऐकवलं गेलं, तेच.

का? आईला कळेल म्हणून? शकूनं ते पोटात ठेवलं असतं. खरं कारण लाजिरवाणं आहे. तिला वाटत होतं की मी स्वतःच्या जोरावर सुधारलो, आणि मला ते फार आवडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचा तरी आदर्श झालो होतो. एका गोळीसाठी ते सोडायचं जिवावर आलं.

माझ्या हातून जे जे वाईट घडलं ते बहुतेक दुर्लक्षामुळे घडलं. हे एवढं मात्र मी पूर्ण लक्ष देऊन केलं.

एवढ्यावरही थांबलो नाही. अण्णानं विचारलं तेव्हा सांगितलं की शकूच नको म्हणतेय, घाबरते. अण्णा भला माणूस, त्यानं जबरदस्ती केली नाही. शकू तेलाची मोठी बाटली घेऊन टाकव्याला गेली.

पुढचं तिनंच येऊन सांगितलं, पोट धरधरून हसत. परीक्षेच्या दिवशी तिनं अख्खी बाटली डोक्यावर रिचवली होती — कमी पडायला नको म्हणून. वर्गात उकाडा. तेल ओघळून उत्तरपत्रिकेवर पडलं. तिनं हातानं पुसलं, शाई पसरली. बाईंनी दुसरी उत्तरपत्रिका दिली, तर हात तेलकट असल्यानं तीही गेली. मग तिच्या ध्यानात आलं की तेल पडलेल्या जागी कागद काचेसारखा होतो आणि खालच्या प्रश्नपत्रिकेतली अक्षरं त्यातून दिसतात. त्या गमतीत तिचा उरलेला वेळ गेला. शेजारची मुलगी शिंकायला लागली, आणि बाईंनी दार उघडं ठेवलं — वासामुळे.

आमच्या घरात सगळे गडाबडा लोळले. मीही हसलो. सर्वांत मोठ्यानं मीच हसलो असेन.

त्यानंतर ती परीक्षेला बसली नाही.

गोळी घेऊन ती पास झालीच असती, असं मी म्हणत नाही. तिला सोसली नसती, नकोही वाटली असती. मालतीसारखं तिचंही मत पडलं असतं. पण मत पडायला माहीत तर हवं? मला निवडता आलं — रविवारी नको, सोमवारी हवी, इतकं बारीक निवडता आलं. तिला मी निवडूच दिलं नाही.

तिचं वाईट झालं नाही, हेही सांगतो. लग्न झालं, तळेगावला कारखाने आले तशी तिनं खानावळ काढली. पाळी सुटली की पंगतच्या पंगत बसायची. एका हातानं भाकरी थापत, दुसऱ्यानं आमटी ढवळत, तिसऱ्याच कुणाला ओरडत शकू अशी काही फिरायची की बघत राहावं. तिचं डोकं चार ठिकाणी धावतं म्हणून चार कामं एकदम व्हायची. लोक म्हणायचे, हिच्यासारखी हीच. हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायचं. पण तिचं चांगलं झालं ते तिनं केलं. त्यात माझं काय?

एकदा मी तिथे जेवत होतो. गिऱ्हाईक सरलं होतं. समोरच्या ओट्यावर ती भिंतीला टेकून बसली, आणि रस्त्यानं शाळेच्या शिक्षिका चालल्या होत्या त्यांच्याकडे बघत राहिली. बराच वेळ. शकू बराच वेळ एकीकडे बघतेय, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग सहज बोलावं तशी म्हणाली, "तुला त्येल लागू पडलं, दादा. मला न्हाई पडलं. तवाच म्या वळाखलं, तुझं डोकं निसतं भटकं हुतं. माझं मुळातच नासकं."

गोळी सकाळीच घेतलेली होती, सगळं स्वच्छ ऐकू आलं, शब्द न् शब्द. बोलायला जागाही होती, वेळही होता. ती माझ्याकडेच बघत होती.

मी म्हणालो, "आमटी झकास झालीये."

"वाढू का?" म्हणून ती उठली, आणि तिनं वाढली. मी दोन वाट्या प्यायलो.

शकू अजून आहे. खानावळ आता सून बघते. मी तळेगावला गेलो की तिच्याकडे जातो, ती वाढते, मी जेवतो. हे मी तुम्हाला सांगितलं. तिला सांगितलेलं नाही.