दात आला का बघू

सासरे मेंढरं राखायचे. दिवस मावळताना घरी आले की माझी लेक पळत जाऊन त्यांच्या बंडीच्या खिशात हात घालायची. खिशात रोज नारंगी गोळ्या. गोळी गालात धरूनच ती झोपायची आणि सासरे कौतुकानं बघत बसायचे. दात किडतील म्हणून मी कितीदा बोंबलले. "दुधाचेच तर हायेत, माय," ते म्हणायचे. "पडूनच जाणार. कशाला जीव खातीस माझा?"

पाच वर्षांची होईस्तोवर तिचे वरचे पुढचे दोन्ही दात काळे पडून झिजले. मग हिरडीला गळू आलं, ओठ सुजला, पाण्याचा घोट घेतानाही पोरगी रडायला लागली. उमापूरहून गेवराईला नेली. डॉक्टरीण म्हणाली, "दुधाच्या दाताचं कवच मुळातच पातळ असतं. गोड तोंडात ठेवून झोपली की कीड लगेच आत शिरते. आता पू झालाय, आतल्या पक्क्या दातालाही धक्का लागेल. हे काढावेच लागतील." लेकीची किंकाळी बाहेर बाकावर बसलेल्या सासऱ्यांनी ऐकली. मी बाहेर आले तेव्हा ते पटका तोंडावर धरून बसले होते.

घरी आल्यावर मी त्यांना नको नको ते बोलले. "जन्मभर मेंढरं सांभाळली मामा, एक पोर न्हाई सांभाळता आली तुमाला!" माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. लेकरू माझं होतं, काळीज माझं फाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "आजपासून न्हाई आणणार, माय."

आणि खरंच आणली नाही. लेक सवयीनं पळत जायची, खिसा चाचपायची आणि तोंड फिरवून परत यायची. पुढं पुढं तिनं जाणंच सोडलं. सासरे दारात नुसते उभे राहायचे. लई वाईट वाटायचं बघून.

मग एका संध्याकाळी त्यांनीच हाक मारली, "ये गं भवाने, आ कर. दात आला का बघू." नजर अधू झालेली, म्हणून हात धुऊन बोटानं हिरडी चाचपली. "न्हाई अजून." तेव्हापासून रोज तेच. दोघांच्याही तोंडात पुढं दात नाहीत, त्यामुळे एकाच ताटात दुधात कुस्करलेली भाकरी खायचे.

"आबा, तुमाला पण येणार का?"

"आधी तुला येऊ दे. आला की पयला मला दावायचा. आईला न्हाई, बरं का!"

दुधाचे दात असे लवकर काढले की नवे यायला कधी कधी उशीर होतो, असं डॉक्टरणीनं सांगितलं होतं. सासरे वर्ष-दीड वर्ष रोज आशेनं चाचपत राहिले. थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला आणि चार दिवसांत ते गेले.

उन्हाळ्यात मी भांडी घासत होते, तेवढ्यात लेक ओरडली, "आला, आला!" मी बघायला गेले तर तिनं तोंडावर हात दाबून धरला आणि आत पळाली. खुंटीवर सासऱ्यांची बंडी तशीच होती, काढायचा धीर कुणालाच झाला नव्हता. लेक बंडीसमोर उभी राहिली आणि तिनं आ केला. कितीतरी वेळ तशीच उभी होती. मग टाचा उंचावून तिनं खिशात हात घातला.

हात रिकामाच बाहेर आला. मी दारातच बसकण मारली आणि ढसाढसा रडले. देवा, त्या खिशात एक तरी गोळी असायला पाहिजे होती.