वकिलातीची तारीखबाई

वकिलातीच्या बांधकामावर तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. सगळ्यांची ती तारीखबाई. बगलेत गुंडाळलेले कागद, कानावर पेन्सिल आणि तोंडात एकच प्रश्न, "कधी होणार?" ती लांबून येताना दिसली की सुतार एकमेकांना म्हणायचे, "सांगून टाका रे परवा, नाहीतर उद्यावर आणून सोडेल."

कुणी कोणतं काम कोणत्या दिवशी संपवायचं हे ठरवायचं, आणि नाही संपलं तर का नाही संपलं हे शोधायचं, ही तिची नोकरी. काम मोठं होतं. चार मजली कचेरी, राजदूताचा बंगला, कर्मचाऱ्यांची चोवीस घरं, पहाऱ्याच्या चौक्या आणि भोवती दुहेरी भिंत. विटा घेऊन आलेल्या एका ट्रकवाल्यानं फाटकाशी तिला विचारलं होतं, "बाई, वकिलात म्हणजे एवढे वकील बसणार इथं?"

"वकील नाहीत हो. परक्या देशाची माणसं."

"मग भांडणं तर होणारच," असं म्हणून त्यानं गाडी मागं घेतली होती.

तिसऱ्या मजल्यावरची एक बाजू इथल्या माणसांना बंद होती. तिथं त्या देशाचे स्वतःचे कामगार यायचे, स्वतःच्या तारा आणि स्वतःचा चुनासिमेंट घेऊन. तिच्या तारखांच्या तक्त्यावर त्या जागी दहा आठवड्यांची एक करडी पट्टी होती, आत अक्षर नाही. पट्टी संपेपर्यंत आजूबाजूची कामं अडवून धरायची, आणि आत काय चाललंय ते विचारायचं नाही. तिला त्याचं काही वाटत नसे. घरीही तिला फार विचारायची सवय नव्हती. लग्न केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर दोन खोल्यांत एकटीच राहायची.

वडील गवंडी होते. टेबलाशी बसून काम करणारी घरातली ती पहिली. बापाचा हात धाकट्या भावाकडे गेला आणि बापाचा घोर तिच्याकडे आला, असं आई म्हणायची. भाऊ सात वर्षांनी लहान, भिंतींना दगडी पाट्या लावणारा मिस्त्री. वकिलातीच्या दर्शनी भिंतींचं काम निघालं तेव्हा तिनं त्याचं नाव सुचवलं, तर तो म्हणाला, "ताई, वशिल्यानं नको. नमुना बघू दे त्यांना." नमुन्याची भिंत तीनदा बांधली आणि तीनदा पाडली. चौथ्या खेपेला परदेशी साहेबानं तिच्यावरून तळहात फिरवला आणि मान हलवली. हा साहेब ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबूसाहेब म्हणत. भावाला लोक ओळंबा म्हणू लागले, कारण त्यानं लावलेल्या दगडावर दोरी धरून बघायची गरज पडत नसे.

पाचव्या वर्षी लंबूसाहेबानं तिला बोलावून घेतलं. त्यांच्या देशाचे मंत्री उद्घाटनाला यायचे होते आणि दिवस पक्का झाला होता. तो तिच्या तक्त्यातल्या शेवटच्या तारखेच्या अकरा दिवस आधीचा होता.

"मंत्र्यांची तारीख हलत नाही," लंबूसाहेब म्हणाला. "तुमची हलेल."

दोन दिवस तिनं तो तक्ता उसवला आणि शिवला. कुठं एक दिवस निघाला, कुठं दोन. मोठी जागा सापडली ती उत्तरेच्या भिंतीवर. तिथं आधी सगळा दगड लागणार होता, मग तपासणी, आणि त्यानंतर नळ्याफळ्यांची परांची उतरणार होती. तिनं ही एकामागची एक कामं शेजारीशेजारी आणून ठेवली. पूर्वेच्या टोकाला दगड लागत असताना पश्चिमेच्या टोकाची परांची सोडायला घ्यायची. सहा दिवस मोकळे झाले. परांचीच्या मुकादमाला तिनं बोलावलं. जाडजूड, मिशाळ माणूस, नळ्या आणि फळ्या यांत केस पिकलेले.

"होईल," तो म्हणाला, "पण मधे परांची भिंतीला धरून ठेवायला जादा बांध घालावे लागतील. तीन दिवस द्या."

"एक देते."

त्यानं मिशीवरून हात फिरवला. "बघतो," म्हणाला.

नव्या तक्त्यावर पाच सह्या झाल्या. त्याच दुपारी भाऊ तिच्या पत्र्याच्या केबिनमध्ये आला. दारातच उभा राहिला, कारण बूट चिखलाचे होते.

"ताई, हे तू केलंस?"

"वरून आलंय."

"परांची एकच असते गं. एका टोकाला सोडली की दुसऱ्या टोकाला कळतं."

"मधे बांध घालणार आहेत. मुकादमाशी बोलले मी."

"तो तुला नाही म्हणणार आहे होय?"

ती दमलेली होती, चार फोन वाजून गेले होते. "तू दगड बघ," ती म्हणाली. "तारखा मी बघते."

त्यानं दारातच बुटांचा चिखल झटकला. मग "बरं" म्हणून गेला.

पुढच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला पोतंभर भांडी जिन्यावरून घरंगळावी तसा आवाज आला. ती धावत गेली तोवर माणसांचं कडं झालं होतं. पश्चिमेच्या नळ्या सुटल्यावर उरलेली परांची भिंतीपासून हातभर झुलली होती आणि ओळंबा दुसऱ्या मजल्यावरून खाली आला होता. हातातली दगडाची पाटी त्यानं सोडली नव्हती. तीच त्याच्या कमरेवर आणि मांडीवर पडली.

जीव वाचला. तीन वेळा चिरफाड झाली. उजवा पाय आखूड झाला तो झालाच, आणि शिडी कायमची सुटली.

चौकशी तिच्याच केबिनमध्ये झाली. लांब टेबलामागं बांधकामाच्या कंपनीचे पाचजण बसले. मुकादमाला त्यांनी विचारलं, "बांध घातले होते का?"

"निम्मे घातले."

"निम्मेच का?"

"वेळ नव्हता साहेब."

"वेळ नाही असं कुणी सांगितलं?"

मुकादमानं तिच्याकडे बघितलं. मग नजर खाली घातली. "तारीख होती," एवढंच म्हणाला.

मग तिला विचारलं, दिलेला वेळ पुरेसा होता का. तिला तीन दिवस आठवले, एक दिवस आठवला. पाच वर्षांची नोकरी, दवाखान्यात पडलेला भाऊ आणि त्याची औषधं, हेही सगळं एकाच वेळी डोळ्यांपुढून गेलं.

"आराखडा मंजूर होता," ती म्हणाली.

तीनच शब्द. त्यातला एकही खोटा नव्हता. मुकादमाला त्याच संध्याकाळी काढलं, आणि मोठ्या कामांवर घेऊ नये अशा माणसांच्या यादीत त्याचं नाव गेलं.

दवाखान्यात भावानं विचारलं, "मुकादमाला काढला म्हणे?"

"हो."

"त्याचा काय दोष? कागदावर होतं तेच केलं बिचाऱ्यानं." मग त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला दोष देणारा एक शब्द तो कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीतरी वेळा वाटलं.

वकिलात मंत्र्यांच्या दिवसाच्या दोन दिवस आधी पुरी झाली. खुर्च्या मांडल्या होत्या, झेंड्याची दोरी ओढून बघितली होती. आणि त्या दोन दिवसांत कुठल्याशा लांबच्या समुद्रात दोन्ही देशांच्या बोटींचं काहीतरी झालं. वर्तमानपत्रात मोठमोठी अक्षरं आली. मंत्री आले नाहीत. राजदूताला परत बोलावलं, मागोमाग त्यांची सगळी माणसं गेली. लंबूसाहेबानं निघताना तिचा हात हातात घेतला आणि इमारत फार चांगली झालीय म्हणून सांगितलं. खुर्च्या भाड्याच्या होत्या, त्या परत गेल्या.

कंपनीचा दोन वर्षांच्या देखभालीचा करार होता, म्हणून तिला ठेवून घेतलं. सोबत एक वायरमन आणि फाटकावरचे पहारेकरी. रिकामी इमारत फार लवकर बिघडते. दर गुरुवारी ती चोवीस घरांतले सगळे नळ एकेक करून सोडायची, कारण नाही सोडले तर खालच्या वाकड्या नळीतलं पाणी आटतं आणि गटाराचा वास घरात येतो. ज्या मोऱ्यांत कुणी तोंड धुतलं नव्हतं त्यांत पाणी वाहू द्यायचं, मोजून दोन मिनिटं, आणि पुढच्या घरात जायचं. लिफ्ट रिकामीच वरखाली करायची. खिडक्या उघडायच्या, लावायच्या. उत्तरेच्या भिंतीकडे ती बघत नसे. पण ती भिंत चांगली होती. एक दगड हलला नव्हता.

रविवारी ती भावाकडे जायची. फळं न्यायची, घडीच्या काठ्या न्यायची, एकदा पाठीला ऊब देणारी पिशवी नेली. तो आता घरी बसून दगडाचे छोटे खलबत्ते घासायचा. तिच्याशी हवापाण्याचं बोलायचा. मधेच तिचे डोळे भरून यायचे, मग तोच म्हणायचा, "असू दे गं ताई." असं वर्षभर चाललं. एका रविवारी भावजय तिला पोचवायला खालच्या दारापर्यंत आली.

"वन्सं, राग नका मानू," ती म्हणाली. "तुम्ही येता, रडता, आणि जाता. मग दोन दिवस हे जेवत नाहीत. पडायचं यांनी आणि समजूतही काढायची यांनीच?"

ती दार उघडू लागली, तरी भावजय थांबली नाही.

"यांच्यापाशी रडून काय उपयोग? हे तुम्हाला काय शिक्षा देणार आहेत?"

त्या आठवड्यात तिनं कंपनीला पत्र लिहिलं. मुकादमानं तीन दिवस मागितले होते, मी एक दिला, चौकशीत मी हे सांगितलं नाही, दोष त्याच्याकडे माझ्यामुळं गेला. पत्र छोटंच झालं, तरी लिहायला चार दिवस लागले. नोकरी जाणार हे धरूनच तिनं ते पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. सदर चौकशी पूर्ण होऊन नस्ती बंद करण्यात आलेली आहे, सबब नोंदीत फेरफार करता येणार नाही. नोकरीबद्दल अवाक्षर नव्हतं. तिला काढायलाही कुणाला सवड नव्हती.

तिनं भावाला फोन करून ते वाचून दाखवलं.

"मुकादमाला सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग मला काय वाचून दाखवतेस?"

मुकादमाचा पत्ता बांधकामावरच्या एका जुन्या सुतारानं दिला. गावाच्या कडेला पत्र्याची शेड होती. शिड्या, घमेली आणि गंजलेल्या नळ्या तो भाड्यानं द्यायचा. मिशी काढून टाकली होती, म्हणून आधी तिनं ओळखलंच नाही. त्यानं मात्र ओळखलं. फळीवरची धूळ झटकून म्हणाला, "बसा बाई. ओळंबा कसा आहे?"

तिनं ते सांगितलं आणि मग बाकीचं सांगितलं. पाठ करून आणलेली वाक्यं एकही जागेवर आली नाहीत. शेवटी तिनं पत्राची प्रत आणि उत्तर त्याच्या हातात दिलं. डोळ्यांपासून लांब धरून त्यानं दोन्ही सावकाश वाचलं.

"तेव्हा तुम्ही हे बोलला असता तर माझं काम राहिलं असतं."

"हो."

"तुमचं गेलं असतं."

"हो."

"मग बरोबरच केलंत की. मी तुमच्या जागी असतो तर..." तो थांबला. कागदाची घडी त्यानं आहे तशीच परत घातली. "नाही. मी बोललो असतो बहुतेक. कुणास ठाऊक."

बाहेर एक गिऱ्हाईक शिडी परत द्यायला आलं. मुकादमानं ती उतरवून घेतली, पायऱ्या तपासल्या, भिंतीला लावली. परत आला तेव्हा उभाच राहिला.

"घरी मुलगी आहे माझी. मोठी. ती एकदा मला म्हणाली, बाबा, खरंच तुमच्यामुळं तो माणूस पडला का? मी नाही म्हणालो. तिला पटलं की नाही, मला कधी कळलं नाही. पुन्हा विचारलंही नाही तिनं."

"मी सांगते तिला."

"मला कागदबिगद काही नको. तिला तेवढं सांगा."

शेडच्या मागंच घर होतं. मुलगी ओट्याशी कणीक मळत होती, वीसबावीस वर्षांची. बापानं दारातूनच सांगितलं, "या बाई वकिलातीवर होत्या. ऐकून घे." आणि तो शेडमध्ये निघून गेला.

तारीखबाई उभ्यानंच बोलली. या खेपेला रडू आलं नाही. बांध म्हणजे काय ते तिनं सांगितलं, ते घालायला किती दिवस लागतात आणि तुझ्या वडलांनी किती मागितले होते तेही सांगितलं. मुलीचे हात कणकेत तसेच होते.

"म्हणजे बाबांनी मागितले होते," ती म्हणाली.

"हो. तीन."

"आणि ते तुम्हाला तेव्हाच माहीत होतं."

"हो."

मुलगी पुन्हा कणीक मळू लागली. तिनं बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. थोड्या वेळानं, मान वर न करता तिनं विचारलं, "बाबांना हे तुम्ही आज सांगितलंत?"

"आत्ताच."

"दोन वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नाही," मुलगी म्हणाली.

तारीखबाई बाहेर आली तेव्हा मुकादम नळ्यांचा गंज खरवडत होता. त्यानं काय झालं म्हणून विचारलं नाही. ती रस्त्याला लागली. देखभालीचा करार त्या महिन्याच्या अखेरीस संपला, तिनं किल्ल्या पहारेकऱ्याकडे दिल्या आणि त्या आवारात पुन्हा गेली नाही. पुढं एका लहानशा कचेरीत तिला शाळांच्या दुरुस्त्यांचं काम मिळालं. भावाकडे रविवारी जायचं तिनं सोडलं. महिन्यातून एकदा तोच फोन करतो. पाचसात मिनिटं बोलतो, हवापाण्याचं.