न दमलेले शेजारी

बर्फ उडवणारं यंत्र, म्हणजे स्नोब्लोअर, घेतल्यापासून तुम्ही शेजाऱ्याच्या घरी शेवटचं कधी बसलात?

काल हिमवादळ ओसरल्यावर समोरचे देशमुखकाका आणि मी आपापली यंत्रं घेऊन शेजारच्या सुमनकाकूंच्या दारातला बर्फ उडवायला उतरलो. अर्धा काकांनी, अर्धा मी. त्यांचं यंत्र पेट्रोलवर धडधडणारं, माझं बॅटरीवरचं.

"अरे, हा टेबलफॅन कशाला आणलास?" काका ओरडले.

"ओल्या बर्फात तुमचा रणगाडाही तुंबतो, काका!"

बघता बघता दार मोकळं झालं. रणगाडाच जिंकला. आम्ही घरी वळलो, तोच काकू शाल ओढून बाहेर आल्या.

"फावडी होती तेव्हा दमून तरी आत यायचात रे. आता मेले दमतच नाही तुम्ही!"

त्या हसत होत्या, पण दार उघडंच धरून होत्या. मला त्यांचं जुनं स्वयंपाकघर आठवलं. हीटरवर वाळणारे हातमोजे, आल्याचा वास, अख्खी गल्ली आत आणि कप कमी पडलेले. काल आम्ही आत गेलो खरे, पण दोघंच. बाकीच्यांनी आपापली यंत्रं आत ठेवून गॅरेजची दारं केव्हाच खाली ओढली होती.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. माणसाची पाठ वाचलीच पाहिजे. पण वाचलेला तास दार लावून एकट्यानं खायचा असेल, तर ही कसली मुक्ती?

पुढच्या वादळानंतर यंत्र बंद करा, शेजारचं दार वाजवा आणि दमला नसलात तरी चहा मागा.